दादाची लिस्ट आणि कुंकवाचा लाल

पत्र असं आलंय, थोडं कापून देते:

"मावशी, मी इंदूरलाच, लोकमान्य नगरला राहते. वय २४, बीएफए झालंय, आता लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, सगळं काम घरूनच. लॅपटॉप सहा वर्षं जुना आहे, ८ जीबीचा, ए३ ची फाईल उघडली की पंख्याचा आवाज शेजारच्या काकूंपर्यंत जातो आणि ब्रश ओढला की रेघ दोन सेकंदांनी उमटते. पैसे साठवलेत, ९० हजार, माझ्याच कामाचे. मला स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जोडायचाय. दादानं लिस्ट दिलीये: आय-फाइव्ह १२४००एफ, साधा एच६१० मदरबोर्ड, रॅमची १६ जीबीची एक स्टिक, ३० हजारांचं ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबीची एसएसडी डिस्क, २४ इंची कर्व्ह गेमिंग मॉनिटर आणि लाइटवालं काचेचं कॅबिनेट, त्यात एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) फ्री. तो म्हणतो ग्राफिक्सचं काम म्हणजे ग्राफिक्स कार्डच पाहिजे. बाबा म्हणतात ईएमआयवर लॅपटॉप घे, कशाला पेचकस हातात धरतेस. मी क्रिटा आणि फोटोशॉप वापरते, थ्रीडी करत नाही. माझ्याकडे छोटा पेन टॅब आहे, बिनस्क्रीनचा, पुढच्या वर्षी स्क्रीनवाला घ्यायचाय. दादाची लिस्ट बरोबर आहे का? आणि जोडताना काही जळलं तर?"

अगं बाळा, आधी दादाला चहा पाज, त्यानं लिस्ट मनापासून केलीये. फक्त ती त्याच्यासाठी केलीये. गेम खेळणाऱ्याला हीच लिस्ट दिली असती तर मी काहीसुद्धा बोलले नसते, बरं ते एसएमपीएसचं सोडून, त्याच्यावर मी पुढे चांगलीच बोलणार आहे.

ग्राफिक्सचं काम म्हणजे ग्राफिक्स कार्ड, हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतेय आणि ते नावामुळे झालेलं लफडं आहे बाकी काही नाही. ते कार्ड मुख्यतः थ्रीडीचा हिशोब करतं, म्हणजे गेममधले डोंगर आणि गाड्या, ब्लेंडरसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरमधलं रेंडर, व्हिडिओचं एडिटिंग, झालंच तर घरच्या मशीनवर एआय चालवणं. तू ब्रश ओढतेस तेव्हा त्या रेघेचा हिशोब बहुतेक करून प्रोसेसर करतो आणि तोही एकदोन कोरवरच, म्हणजे त्याच्या पोटातल्या एकदोन कामकऱ्यांवरच, जास्त ताण देऊन, म्हणून सोळा कोरचा राक्षस घेऊनही तुझी रेघ काही सोळापट पळणार नाही. कार्डाचं काम काय, तर कॅनव्हास गरकन फिरवणं, झूम करताना अडखळू न देणं, फोटोशॉपचे काही ठरावीक फिल्टर. एवढं तर प्रोसेसरच्या पोटात जे छोटं ग्राफिक्स असतं ते आरामात करतं. तुझ्या कामाला ३० हजारांचं कार्ड म्हणजे छप्पन दुकानला जाऊन पोह्यांसाठी चांदीची परात घेण्यासारखं आहे.

पण थांब, उत्साहात नुसतं कार्ड कापून बाकी लिस्ट तशीच ठेवू नकोस हं, फसशील! तो १२४०० च्या मागचा 'एफ' बघितलास का? इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असला की त्याच्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे कार्ड नसेल तर स्क्रीनवर काळोख, मशीन चालू आणि तू रडतेयस. कार्ड नको तर बिनएफचा १२४०० घ्यायचा, किंवा मला विचारशील तर एएमडीचा रायझन ५ ७६००, दोघांत सहा सहा कोर आहेत आणि दोघांत कामापुरतं ग्राफिक्स आहे. मी ७६०० का म्हणते, तर त्याचं जे सॉकेट आहे, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, एएम५, त्याच्यावर अजून नवे प्रोसेसर येतायत, तीनचार वर्षांनी बोर्ड न बदलता नुसता प्रोसेसर बदलता येईल, आणि १२४०० ज्या सॉकेटवर बसतो त्याची गोष्ट चौदाव्या पिढीला संपली. आता एएम५ ला रॅम, म्हणजे उघडलेलं काम मशीन जिथे धरून ठेवतं ती मेमरी, डीडीआर५ प्रकारचीच लागते आणि ती महाग, हे कबूल. १२४०० ला डीडीआर४ वाला बोर्डही मिळतो डीडीआर५ वालाही मिळतो, पण एकाची स्टिक दुसऱ्यात बसत नाही, खाच वेगळ्या जागी असते, तेव्हा बोर्डाच्या नावात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय रॅम उचलायची नाही.

रॅमबद्दल मात्र मी कंजुषी करू देणार नाही, आणि का ते हिशोबानंच सांगते, कारण तू फाईलच्या नावानं रडतेयस आणि रोग तिथेच आहे. ए३ चा कागद ३०० डीपीआयला म्हणजे ३५०८ गुणिले ४९६१ ठिपके, झाले साधारण १ कोटी ७४ लाख. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार आकडे, आठ बिटमध्ये चार बाइट, म्हणजे पूर्ण भरलेली एक लेयर जवळजवळ ७० एमबी. तुझ्या मुलांच्या पुस्तकाच्या पानात झाड वेगळं, माकड वेगळं, माकडाची सावली वेगळी, अशा ४० लेयर सहज होत असतील, तर झाले २.८ जीबी. सोळा बिटमध्ये काम केलंस तर दुप्पट, ५.६. सॉफ्टवेअर तसं हुशार असतं, लेयरमधली रिकामी जागा धरत नाही म्हणून खरा आकडा कमीच येतो, पण मग अनडूच्या पायऱ्या आहेत, विंडोज आहे, आणि रेफरन्ससाठी ब्राउझरमध्ये माकडांचे पंचवीस फोटो उघडे आहेत ते कोण मोजणार? ८ जीबी भरली की मशीन उरलेलं सगळं डिस्कवर लिहायला लागतं आणि तिथेच तुझी रेघ दोन सेकंद अडकते. प्रोसेसरचा दोष नाही, कार्डाचा तर नाहीच नाही. १६ मध्ये तुझं भागेल, ३२ मध्ये तू विसरून जाशील की रॅम नावाची काही गोष्ट असते. आणि कार्ड नसताना ते पोटातलं ग्राफिक्स स्वतःसाठी याच रॅममधून थोडी जागा घेतं, ते पण धर.

घेताना १६-१६ च्या दोन स्टिक, एका पाकिटातल्या जोडीच्या. दादाच्या लिस्टीसारखी एकच मोठी नको, दोन असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकदम बोलतो आणि कार्ड नसलेल्या मशीनला तर तो फरक चांगलाच लागतो. आता कडू बातमी, २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भडकलेत, एआयच्या सर्व्हरवाल्यांनी माल ओढून घेतला आणि आपल्यासारख्या गरिबांच्या वाट्याला भाव आले. म्हणून बाजारात गेल्यावर आधी रॅमचा भाव विचार, मग बाकी ठरव. अगदीच बसत नसेल तर डीडीआर४ वालं १२४०० चं जमव आणि ३२ ठेव, पण १६ वर ये आणि कार्ड ठेव असं कोणी म्हटलं तर कानाडोळा कर.

आता खरं बोलायचंय ते मॉनिटरचं, आणि त्यासाठी मला माझी एक जुनी लाज सांगावी लागेल.

१९९८ ची लग्नसराई. राजवाड्यापासून चार पावलांवर माझं डीटीपीचं दुकान, एक खिडकी रस्त्याकडे, दुपारभर ऊन थेट टेबलावर. १५ इंची डबडा मॉनिटर, त्याच्यावर काही दिसेना म्हणून मी ब्राइटनेसची चकती शेवटपर्यंत फिरवून ठेवलेली, कायमचीच. एका ओळखीच्या घरच्या मुलीची पत्रिका आली, तिच्या आईला कुंकवाचा लाल हवा होता, तोच, दुसरा नाही. मी चार दिवस तो लाल जमवला, स्क्रीनवर असा काही सुंदर दिसत होता की बाईंनी बघून पसंत केला, पाचशे पत्रिका छापायला गेल्या. आल्या त्या कशा, तर काळपट चॉकलेटी. गणपती कुठे आहे ते शोधावं लागत होतं. प्रेसवाल्यावर ओरडले मी, तो बिचारा म्हणाला बाई मी तुमचीच फाईल छापली. आणि खरंच होतं त्याचं, माझी स्क्रीन इतकी झगझगीत होती की मी रंग अंधारा करत करत गेले, डोळ्याला बरोबर वाटेपर्यंत. पत्रिका माझ्या पैशांनी परत छापल्या. त्या सीझनचा सगळा नफा त्या लालात गेला!

तर तुझे ९० हजार जिथे जायचेत ते हे, तू ज्याच्याकडे दिवसाचे दहा तास बघणार ती काच. कार्डाचे ३० हजार वाचले ना, त्यातले काही रॅमला आणि काही इथे. कर्व्ह नको, गेमिंगच्या खोलीत तो वेढा घालतो ते छान वाटतं पण तू सरळ रेघ काढलीस की ती सरळ आहे का वाकडी यावर स्वतःशीच भांडत बसशील, आणि स्वस्तातले कर्व्ह बहुतेक व्हीए पॅनलचे असतात, बाजूनं बघितलं की रंग हलतो. तुला आयपीएस पॅनल हवं, डोकं इकडेतिकडे केलं तरी माकड तेवढंच तपकिरी राहिलं पाहिजे. बॉक्सवर एसआरजीबी (स्क्रीनवरच्या रंगांचा ठरलेला संच) ९९ किंवा १०० टक्के असं लिहिलेलं शोध. काही स्वस्त मॉनिटरवर '४५ टक्के एनटीएससी' असं, रंगांचंच दुसरं माप, बारीक अक्षरात असतं, दुकानदार म्हणेल 'मॅडम, आयपीएस ही तो है', हो आहे, पण ४५ टक्के एनटीएससी म्हणजे एसआरजीबीच्या साठ टक्क्यांच्या आसपासच, उरलेले रंग तुला दिसणारच नाहीत आणि जे दिसत नाही ते तू कसं रंगवणार. ७२ टक्के लिहिलं असेल तर ते साधारण पूर्ण एसआरजीबीच्या जवळ जातं.

साइज म्हणशील तर २७ इंची २५६० बाय १४४० चा बसला तर तोच, इंचाला १०९ ठिपके पडतात. नाही बसला तर २४ इंची फुल एचडी, ९२ पडतात, तोही चांगला. २७ इंची फुल एचडी मात्र अजिबात नको, मोठा दिसतो म्हणून लोक भुलतात, इंचाला ८२ वर येतो आणि बारीक रेघेच्या कडा चाळणीसारख्या दिसतात. १६५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणं, वगैरे तुला लागत नाही, फुकट मिळालं तर घे.

आणल्यावर मेनूमध्ये एसआरजीबी मोड असेल तर तो लाव, आणि ब्राइटनेस खाली आण, कंपनीवाले दुकानात चमकावा म्हणून शंभरवर पाठवतात. किती खाली? एक साधा कोरा पांढरा कागद घे, स्क्रीनच्या शेजारी धर, तू ज्या उजेडात काम करतेस त्याच उजेडात, आणि स्क्रीनवर पांढरं पान उघड. स्क्रीन ट्यूबलाइटसारखी वाटली तर अजून कमी कर, दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत. हे मला १९९८ ला कोणी सांगितलं असतं तर! एखादा फोटोग्राफर ओळखीचा असेल तर त्याच्याकडे स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारा कॅलिब्रेटर असतो, माउससारखी डबी स्क्रीनवर लटकवायची, एका दिवसापुरता माग, कचोरी खाऊ घाल.

यावरून ते लाइटवालं कॅबिनेट. बाळा, तू रंग बघणार आणि तुझ्या उजव्या हाताला जांभळा-हिरवा-निळा बदलत राहणार, डोळा त्या रंगाशी जुळवून घेतो आणि तुझ्या माकडाच्या पोटाला पिवळं जास्त लागतं. दादाला हौस असेल तर त्याच्या खोलीत लाव. तुझ्या खोलीतली लाइट पांढरी असू दे, पिवळा बल्ब नको, आणि भिंत शक्यतो पांढरी किंवा राखाडी. शिवाय समोर काच असलेल्या कॅबिनेटला हवा कुठून मिळणार, आपल्याकडे मे महिन्यात ४२ च्या वर जातं आणि धूळ तर विचारूच नकोस, तेव्हा पुढे जाळी, जाळीमागे धुता येईल अशी गाळणी आणि दोन पंखे असलेलं साधं काळं डबडं घे.

आता एसएमपीएस, मी म्हटलं होतं बोलणार म्हणून. कॅबिनेटबरोबर जो फ्री येतो त्याच्यावर ४५० वॉट लिहिलेलं असतं, लिहायला काय जातं. मी एकदा घेतला होता असा, कोणाकडून ते जाऊ दे, जुलैतल्या एका संध्याकाळी वीज गेली, आली, परत गेली, परत आली, आणि आतून फट्ट असा आवाज होऊन जळक्या रबराचा वास. एसएमपीएस गेला ते गेला, बोर्डाला बरोबर घेऊन गेला. वेगळा घ्यायचा, नावाजलेल्या कंपनीचा, ५५० वॉट, ८० प्लस ब्रॉन्झ छापलेला. तुझं मशीन कार्डाशिवाय इतकी वीज खाणारच नाही, पण उद्या ब्लेंडरची हौस आली आणि आरटीएक्स ४०६० सारखं कार्ड लावलंस, ते ११५ वॉटचं आहे, तर एसएमपीएस बदलावा लागणार नाही. त्याच्यासाठी बोर्डावरची लांब खाच रिकामी राहतेच, कार्ड कुठे पळून जात नाही, दोन वर्षांनी तेवढ्याच पैशात बहुतेक बरं मिळेल. ६०० व्हीएचा साधा यूपीएसही धर, फाईल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता. आणि घरच्या प्लगला अर्थिंग आहे का ते बाबांना सांग इलेक्ट्रिशियनकडून तपासायला, त्यांना पण काहीतरी काम मिळेल, नाहीतर ते ईएमआय ईएमआय करत बसतील. लॅपटॉपचं म्हणशील तर, तुला कुठे प्रवासात काम करायचंय? त्याच पैशात स्क्रीन छोटी मिळते, कितीतरी मॉडेलमध्ये रॅम बोर्डालाच डकवलेली असते म्हणजे वाढवायचा विषयच संपला, आणि उन्हाळ्यात आत्तासारखाच पंखा ओरडणार.

एसएसडी १ टीबीची, एनव्हीएमई म्हणतात त्या वेगवान प्रकारची. ५१२ आजच्यापुरती होईल पण फोटोशॉप रॅम भरली की जिथे पसरतं ती जागाही त्यातूनच जाते आणि तुझ्या फाइली काही हलक्या नाहीत. जेन ३ का जेन ४ याच्यात डोकं घालू नकोस, तुला फरक कळणार नाही. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती बॅकअपला, बाहेर, वेगळी. पुस्तकाचं काम एकाच जागी ठेवणाऱ्या माणसाला मी चित्रकार म्हणत नाही जुगारी म्हणते.

बोर्ड घेताना एक गोष्ट जी दादाच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं, कारण त्याला पेनचं काही माहीत नाही. पुढच्या वर्षी तू स्क्रीनवाला पेन टॅब घेणार, म्हणजे मशीनला दोन स्क्रीन झाल्या, मॉनिटर आणि टॅब. कार्ड नाही तेव्हा दोन्ही केबल बोर्डाच्या मागेच लागणार. एच६१० सारख्या स्वस्त बोर्डांत बऱ्याचदा एक एचडीएमआय असतो आणि शेजारी निळा जुनाट व्हीजीए, तो टॅबला काही कामाचा नाही. तेव्हा मागे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट दोन्ही आहेत ना ते डोळ्यांनी बघून घे, ७६०० ला चालणाऱ्या बी६५० च्या बऱ्याच बोर्डांना असतात. टॅबवाले सांगतात एका टाइप-सी केबलवर चालतो, हो चालतो, पण त्या टाइप-सी मधून चित्र बाहेर पडलं पाहिजे आणि डेस्कटॉपच्या बहुतेक बोर्डांत तसं नसतं, नुसता डेटा जातो. एचडीएमआय आणि यूएसबी अशा दोन केबलवाली सोय असलेला टॅब बघ. आणि एक सांगू? बिनस्क्रीनचा टॅब हाताला बसला असेल तर घाई करू नकोस, मान ताठ राहते त्यानं. आपले इंदूरचे चित्रकार चिंचाळकर गुरुजी वाळक्या पानांतून आणि काटक्यांतून चित्रं उभी करायचे, पेनचा दाब ओळखायच्या पायऱ्या, प्रेशर लेव्हल, ८१९२ का १६३८४ हा प्रश्न त्यांना पडला नाही, तुलाही पडायची गरज नाही, दोन्ही हाताला सारखेच लागतात.

खरेदीला आरएनटी मार्गाकडच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत जा, पण एकाच दुकानात सगळं देऊ नकोस, तीन ठिकाणी लिस्ट दे, लिहून घे, ऑनलाइन भाव फोनवर उघडा ठेव. प्रोसेसर 'बॉक्स पीस' माग, 'ट्रे' नको, ट्रे म्हणजे बिनडब्याचा, पंखा नाही आणि वॉरंटी दुकानदाराच्या मर्जीवर. ७६०० च्या डब्यात पंखा येतो, तुझ्या कामाला तो पुरतो, वेगळा कूलर घ्यायला सांगतील, नको म्हण. 'बिना बिल के दो हजार कम' असं हळूच म्हणतील, भिया लोकांची गोड बोली आहे, भुलू नकोस, पक्कं बिल, जीएसटी १८ टक्के, प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर बिलावर. सॉफ्टवेअरचं म्हणशील तर क्रिटा फुकट आहे आणि कायदेशीर फुकट आहे, पायरसीच्या विंडोजमध्ये काय काय बसलेलं असतं ते तुला नकोच.

जोडताना जळलं तर, हे विचारलंयस. जळत नाही गं सहसा, वाकतं. एएम५ मध्ये बारीक पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, केसासारख्या, तिथे बोट लावायचं नाही, वरून काही पाडायचं नाही. प्रोसेसरच्या कोपऱ्यात एक छोटा त्रिकोण आहे, सॉकेटवरही आहे, त्रिकोणावर त्रिकोण ठेवायचा आणि सोडायचा, दाबायचा नाही, तो आपणहून बसतो. मग वरची कडी लावताना मात्र जोर लागतो आणि करकर आवाज येतो, पहिल्यांदा माझे हात थरथरले होते, तो आवाज असतोच. जेवायच्या टेबलावर बस, बोर्डाचाच पुठ्ठ्याचा डबा खाली ठेव, सिंथेटिक ओढणी बाजूला, आणि पार्टला हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावत जा, अंगातली स्टॅटिक उतरते.

पंख्याच्या खाली प्रोसेसरची उष्णता ओढणारी राखाडी पेस्ट आधीच लावून येते, ती पुसू नकोस आणि बोटानं बघूही नकोस. त्याचे चार स्क्रू आहेत, एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही, समोरासमोरचे थोडे थोडे, गाडीच्या चाकाचे आवळतात तसे. त्याआधी बोर्डावरच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या काढाव्या लागतात हे लक्षात ठेव, नाहीतर अर्धा तास बसत का नाही म्हणून बघत बसशील. रॅम चार खाचा असल्या तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, टक आवाज येईपर्यंत. बोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवण्याआधी मागची पत्र्याची पट्टी लावलीस का बघ, ती वेगळी आली असेल तर नव्वद टक्के लोक विसरतात आणि मग सगळं परत उचकटतात, मी दोनदा उचकटलंय. एसएमपीएसच्या दोन केबल बोर्डाला जातात, एक रुंद २४ पिनांची ती कोणालाही दिसते, दुसरी ८ पिनांची, वर डाव्या कोपऱ्यात, ती विसरलीस तर पंखा फिरेल आणि बाकी सगळं ढिम्म. पॉवर बटणाच्या बारीक वायरी दादाला दे, त्याला डोळे चांगले आहेत आणि त्याचा रुसवाही जाईल.

आणि पहिल्यांदा चालू केलंस की स्क्रीन काळीच राहील. मिनिटभर, दोन मिनिटं, कधी पाचसुद्धा. घाबरून बटण दाबून बंद करू नकोस! डीडीआर५ ची रॅम पहिल्या वेळी स्वतःला जुळवून घेत असते, चहा ठेवून ये, तोवर येईल. आलं की बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मशीनच्या सेटिंगच्या पानावर, जाऊन एक्स्पो नावाचं सेटिंग चालू कर, नाहीतर तू पैसे मोजलेल्या वेगापेक्षा रॅम हळूच चालत राहील, आणि चित्र आलंच नाही तर केबल मॉनिटरच्या मागून नीट बसली आहे का ते बघ, अर्ध्या रडारडीचं कारण तेच असतं.

विंडोज टाकून झालं की पहिलं चित्र नवं काढू नकोस, जे पुस्तक छापून आलंय त्यातलंच एक पान उघड, छापील पान शेजारी धर आणि बघ स्क्रीन काय बोलते आणि कागद काय बोलतो. फरक दिसेलच, तो किती आणि कुठल्या बाजूला ते एकदा डोळ्यात बसवून घे, मग पुढचं काम.

सगळी बिलं एका पाकिटात घालून फोनवर त्यांचे फोटो काढून ठेव, आणि रिकामे डबे वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर. आईला आजच सांगून ठेव, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला गेलेच म्हणून समज.